पत्ता उघडलाय, आता बघत बसा

मागच्या अंकात एका उत्तरात जाता जाता लिहून गेले होते की चित्र अडलं की मी टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांच्या, कॅटमधला एक पत्ता काढते आणि त्याच्याकडे बघत बसते. त्या एका वाक्यावर इतके मेल आले की हा अख्खा अंक त्यालाच देतेय. काहींना उत्सुकता आहे, काही जण चिडलेत, आणि दोन-तीन जण खरंच घाबरलेले आहेत, त्यांची उत्तरं मी जास्त सावकाश लिहिलीयेत. एक आधीच सांगते, मला भविष्य सांगता येत नाही आणि ते पत्त्यांत असतं असं मी मानतही नाही. मला त्यातली चित्रं प्रिय आहेत, आणि त्या चित्रांसमोर बसलं की मनात जे वर येतं ते प्रिय आहे.

प्रश्न : ताई, मी जलरंगात काम करते. मैत्रिणीने वाढदिवसाला टॅरोचा कॅट दिला, चित्रं बघून मी वेडीच झाले. पण घरी सगळे म्हणतात हे अंधश्रद्धेचं सामान आहे. मला भविष्य वगैरे काहीच बघायचं नाहीये. विश्वास नसताना नुसतं चित्रांसाठी वापरलं तर चालतं का, की ते अर्धवट होतं?

चालतं, आणि अर्धवट अजिबात होत नाही. अगं टॅरो जन्माला आला तोच खेळायचे पत्ते म्हणून. उत्तर इटलीत, १४४० च्या सुमाराला, तिथल्या नेहमीच्या पत्त्यांत म्हणजे कप, तलवारी, काठ्या आणि नाणी या चार रंगांत कुणीतरी २२ चित्रांचे जादा पत्ते घातले आणि ते झाले हुकूम. कायमचे हुकूम, दर डावाला ठरवायची भानगडच नाही. प्रत्येक रंगात गुलाम आणि राणीच्या मधे एक घोडेस्वार पण असतो म्हणून एका रंगाचे १४, चार रंगांचे ५६, वर हे २२, असे ७८ पत्ते. श्रीमंत घराण्यांनी ते चित्रकारांकडून हाताने रंगवून घेतले. भविष्याशी टॅरोचं नाव घट्ट चिकटलं ते बरंच नंतर, १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या एका फ्रेंच लेखकाने छापून टाकलं की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये, त्यामुळे त्याच्या बोलण्याला आधार काहीच नव्हता, पण गोष्ट इतकी आकर्षक होती की ती अजूनही फिरतेय.

तुझ्याकडचा कॅट बहुतेक पामेला कोलमन स्मिथच्या चित्रांचा असणार किंवा त्यावरून काढलेला. तिच्याबद्दल मला लिहायचंच आहे, कारण तिच्यामुळे मी या पत्त्यांकडे वळले. १९०९ मध्ये लंडनला आर्थर वेट या गूढविद्येवर लिहिणाऱ्या लेखकाने तिला हे काम दिलं आणि तिने काही महिन्यांत सगळे पत्ते काढले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये एका पत्रात लिहिलं की खूप मोठं काम केलं आणि पैसे फारच थोडे मिळाले. कित्येक वर्षं या कॅटवर प्रकाशकाचं नाव होतं, वेटचं होतं, तिचं नव्हतं. १९५१ मध्ये ती गेली तेव्हा हाताशी पैसा नव्हता. पण प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात तिची सापासारखी वळलेली छोटी सही आहे, आत्ता उठून बघ, कॅट तिचाच असेल तर सापडेल. मला ती सही दिसली की दरवेळी बरं वाटतं.

चित्रकार म्हणून तिच्याकडून घ्यायचं काय, तर एक म्हणजे रंगमंच. तिने नाटकाच्या कपड्यांचं, नेपथ्याचं काम केलं होतं आणि ते दिसतं, बऱ्याच पत्त्यांत माणसं जणू स्टेजवर उभी आहेत, मागे रंगवलेल्या पडद्यासारखा डोंगर नाहीतर किल्ला. दुसरं म्हणजे तिच्या आधी साध्या आकड्यांच्या पत्त्यांवर, उदाहरणार्थ तलवारींच्या तिरीवर, बहुतेक कॅटमध्ये नुसत्या तीन तलवारी असायच्या. सोला बुस्का नावाचा १४९० च्या आसपासचा इटालियन कॅट सोडला तर प्रत्येक आकड्याला प्रसंग असलेले कॅट जवळपास नव्हतेच. तिने दुरी, तिरी, पंजी सगळ्यांना गोष्ट दिली. तू एक करून बघ, एखादा पत्ता घे, मधलं माणूस कोऱ्या कागदाने झाक आणि फक्त मागची जागा रंगव, आभाळ, पाणी, जमीन एवढंच. मग त्या जागेत तुला कोण उभं असावंसं वाटतं ते तुझं तू ठरव. माझी तीन चांगली चित्रं अशी झालीत.

घरच्यांशी वाद घालू नकोस. त्यांना बसवून चित्रं दाखव, पामेलाची गोष्ट सांग. तरीही कुणाला खरंच त्रास होत असेल तर कॅट जिथे काम करतेस तिथे ठेव, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : मी रोज वही लिहायचा प्रयत्न करतो पण आज काय काय केलं याच्या पुढे गाडी जातच नाही, चार दिवसांत कंटाळा येतो. पत्त्यांची मदत होते म्हणजे नक्की करायचं काय? अर्थ पाठ करावे लागतात का?

अर्थ पाठ करू नका, निदान पहिले काही महिने तरी नाहीच. पाठ केले की डोळे बंद होतात, पत्ता उघडला की डोक्यात लगेच एक शब्द येतो, दुःख, विजय, विश्वासघात, आणि मग चित्राकडे कोण बघतंय.

मी काय करते ते सांगते. पत्ते पिसायचे, एकच काढायचा, वहीशेजारी ठेवायचा आणि पहिली पाच मिनिटं फक्त दिसतं ते लिहायचं, मत नाही, अंदाज नाही, जसं एखाद्याला फोनवर चित्र सांगतोय तसं. आठ तलवारींचा पत्ता घ्या. एक बाई उभी आहे, डोळ्यांवर पट्टी, अंगाला आणि हातांना बांधलेलं, भोवती आठ तलवारी जमिनीत रोवलेल्या, पायाखाली ओल, मागे उंच कड्यावर किल्ला. हा पत्ता माझ्याकडे एका वाईट काळात आला होता, एक मोठं काम मी हो म्हणून बसले होते आणि ते मला झेपत नव्हतं आणि नाही म्हणायची हिंमत होत नव्हती. पहिल्या दिवशी मी लिहिलं की ही बाई कैदेत आहे. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तोच पत्ता परत ठेवला, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की तिचे पाय मोकळे आहेत. तिसऱ्या दिवशी दिसलं की समोरच्या बाजूला तलवारीच नाहीत, ती पुढे चालायला लागली तर अडवायला काही नाही, आणि आख्ख्या चित्रात तिला बांधणारा माणूस कुठेच नाही. मी वही बंद केली आणि फोन करून सांगितलं की हे काम मला जमणार नाही. आता हे पत्त्याने मला सांगितलं का, तर नाही, मला ते आतून कळलेलंच होतं बहुतेक, पण सरळ स्वतःबद्दल लिहिताना मी सारखी सबबी देत होते आणि त्या बाईबद्दल लिहिताना सबबी द्यायची गरज नव्हती. मला वाटतं सगळी किमया एवढीच आहे. स्वतःकडे थेट बघणं जड जातं, चित्रातल्या माणसाकडे बघता येतं.

पाच मिनिटांनंतर मग प्रश्न. या चित्रात मी कुठे उभा आहे? कोणाकडे बघायचं मी टाळतोय? हा क्षण संपल्यावर लगेच काय होईल? यातला एकच घ्या. आणि घड्याळ लावा, पंधरा मिनिटं खूप झाली. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं मनाला लागलेल्या गोष्टींबद्दल लिहायला लावलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या त्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या, पण लिहून झाल्या झाल्या मात्र त्यांना आधीपेक्षा जास्त उदास वाटलं होतं. म्हणून म्हणते की लिहून उठल्यावर जड वाटलं तर घाबरू नका, आणि झोपायच्या तोंडावर लिहू नका, नंतर थोडा चालायला वेळ ठेवा.

प्रश्न : ताई मला डेथचा पत्ता आला. मी गंमत म्हणून काढला होता पण तेव्हापासून छातीत धडधड होतेय, आई आजारी आहे म्हणून जास्तच. काय करू?

पहिलं म्हणजे कॅट उचलून ठेव, आज परत काढू नकोस. ७८ पत्ते आहेत, त्यातला कुठलाही एक येणारच होता, तुझ्या हाताला हा लागला. तुझ्या आईच्या तब्येतीबद्दल या कागदाला काहीही माहीत नाही, तिच्या डॉक्टरांना माहीत आहे, मनात जे प्रश्न आहेत ते त्यांना विचार, आणि आज आईजवळ जाऊन बस.

धडधड कमी झाली आणि वाटलं तरच पुढचं वाच. त्या चित्रात पांढऱ्या घोड्यावर सांगाडा आहे, राजा खाली पडलाय, धर्मगुरू हात जोडून उभा आहे, एका तरुणीने तोंड फिरवलंय आणि एक लहान मूल आहे, ते त्या घोड्याकडे बघतंय. सांगाड्याच्या काळ्या झेंड्यावर पांढरं गुलाबाचं फूल आहे आणि लांब दोन मनोऱ्यांच्या मधे सूर्य आहे. जुन्या फ्रेंच कॅटमध्ये बऱ्याचदा या पत्त्यावर नाव लिहायचेच नाहीत, फक्त १३ आकडा, म्हणजे ही भीती तुझी एकटीची नाही, शेकडो वर्षं माणसांना ते नाव लिहायला जड गेलंय. तुला हा पत्ता नको असेल तर कॅटमधून बाजूला काढून ठेव. मी असं दोन पत्त्यांचं एक वर्षभर केलं होतं, काही बिघडत नाही.

प्रश्न : माझं आणि माझ्या पार्टनरचं दोन महिन्यांपूर्वी बिनसलं. मी रोज पत्ते काढते, तो परत येईल का म्हणून, कधी कधी दिवसातून आठ-दहा वेळा, आणि खरं सांगते, ते बरोबर निघतं! मग वेगळं उत्तर आलं की परत काढते. मैत्रीण म्हणते मला वेड लागलंय.

वेड लागलेलं नाही, तू दुःखात आहेस. पण मैत्रिणीचं ऐक, थांब.

बरोबर निघतं याबद्दल एक प्रयोग सांगते. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या प्राध्यापकांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन लिहून दिलं आणि विचारलं की हे किती जुळतं, पाचपैकी मार्क द्या. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच वर्णन दिलं होतं, शब्द न शब्द तोच, आणि वाक्यं एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. आपलं मन असंच आहे गं, त्याला अर्थ लावल्याशिवाय राहवत नाही. चित्र काढताना, वही लिहिताना मी याच गुणावर जगते. पण तू जे करतेयस त्यात तोच गुण तुझ्यावर उलटलाय, कारण तुझा प्रश्न दुसऱ्या माणसाच्या मनाबद्दल आहे आणि ते मन त्या कॅटमध्ये नाही. आणि नको असलेलं उत्तर आलं की परत पिसायचं, म्हणजे तू विचारत नाहीयेस, तू मागतेयस.

महिनाभर कॅट मैत्रिणीकडे दे. परत आणलास की नियम एकच, प्रश्नात त्याचं नाव नको, प्रश्न 'मी' या शब्दाने सुरू व्हायला हवा. आणि पहिला पत्ता पिसून काढूच नकोस, सगळे पत्ते सुलटे पसर आणि तुझं आत्ताचं मन ज्यात दिसतं तो डोळे उघडे ठेवून निवड. मला वाटतं तू कपांची पंजी उचलशील, काळ्या झग्यातला माणूस तीन सांडलेल्या कपांकडे बघत उभा आहे, मागे दोन भरलेले उभे आहेत. त्या दोन कपांबद्दल लगेच लिहू नकोस, आधी सांडलेल्या तिन्हींबद्दल भरपूर लिही. लोक घाईघाईने सांगतात मागे बघ, मागे बघ. सांडलेलं नीट बघून झालं नसेल तर माणूस मागे वळतच नाही. आणि झोप, भूक उडाली असेल, दिवस ढकलणं कठीण होत असेल तर समुपदेशकाकडे जा, त्यासाठी अजून वाईट व्हायची वाट बघायची नसते.

प्रश्न : कथा लिहिताना पत्ते वापरता येतात का?

येतात आणि फार छान येतात. इटालो काल्विनो या इटालियन लेखकाने टॅरोचे पत्ते शेजारी शेजारी मांडून त्यातून आख्खं पुस्तक लिहिलं होतं. तुम्ही तीन पत्त्यांनी सुरुवात करा, पहिला माणूस, दुसरा त्याची अडचण, तिसरा ती जागा जिथे हे घडतं. तिन्ही जुळत नाहीत म्हणून बदलू नका, न जुळणाऱ्या दोन पत्त्यांच्या मधेच गोष्ट असते. टॅरो नको असेल तर संगीतकार ब्रायन ईनो आणि चित्रकार पीटर श्मिट यांनी १९७५ मध्ये कलाकारांसाठी सूचनांचे पत्ते काढले होते, अडलं की एक काढायचा आणि त्यावर लिहिलंय तसं करून बघायचं, तसे तुम्ही घरी पण बनवू शकता, जुन्या वहीतली तुमचीच वाक्यं कापून.

प्रश्न : मला स्वतःचा टॅरो काढायचाय. ७८ म्हटलं की छाती दडपते. कुठून सुरू करू? आणि जुन्या चित्रांवरून काढलं तर चोरी होते का?

आधी चोरीचं. पामेला १९५१ मध्ये गेली, ब्रिटनमध्ये कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क राहतो, तो २०२१ च्या शेवटी संपला. म्हणजे १९०९ ची मूळ चित्रं तिथे सगळ्यांची झाली, पण नंतर कुणी नव्याने रंग भरून काढलेल्या आवृत्त्यांवर त्यांचा वेगळा हक्क असू शकतो, आणि तुम्ही विकायला काढणार असाल तर तुमच्या देशातला नियम बघा. आणि कॅटवर तिचं नाव लिहा, प्लीज.

आता ७८. कोण म्हणतंय ७८ काढा? फक्त २२ हुकूम काढणारे पुष्कळ झालेत. निकी द सँ फाल या शिल्पकार बाईने तर २२ पत्त्यांचं उद्यानच बांधलं, इटलीत टस्कनीमध्ये, कापाल्बिओजवळ. १९५५ मध्ये तिने बार्सिलोनातलं वास्तुकार गाउदीचं पार्क गुएल हे उद्यान पाहिलं आणि तेव्हापासून डोक्यात होतं, काम सुरू झालं १९७० च्या दशकाच्या शेवटी आणि लोकांसाठी ते उघडलं १९९८ मध्ये. एम्प्रेस म्हणजे सम्राज्ञीच्या पत्त्याचा पुतळा एवढा मोठा की निकी कित्येक वर्षं त्याच्या आतच राहिली, तिथेच झोपायची, तिथेच स्वयंपाक, भिंतीभर आरशांचे तुकडे. पैसे कमी पडले तर स्वतःच्या नावाचं अत्तर काढून विकलं. संधिवाताने हात दुखत असताना. मला थकवा आला की मी त्या उद्यानाचे फोटो बघते.

तुम्ही २२ सुद्धा धरू नका, दोन धरा, आणि ते कुठले ते मी सांगते. मिलानच्या व्हिस्कोंती-स्फोर्झा घराण्यासाठी १४५० च्या सुमाराला रंगवलेला एक कॅट आहे, मागे सोन्याचा वर्ख, त्यावर ठोकून उठवलेली नक्षी. त्यातले ७४ पत्ते आज शिल्लक आहेत, न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत ३५, बर्गामोच्या अकादेमिया कारारात २६ आणि एका खाजगी संग्रहात १३. चार नाहीत. या हरवलेल्या चारांत नाण्यांचा घोडेस्वार आणि तलवारींची तिरी तर आहेच, पण हुकमांतले दोन मोठेही आहेत, सैतान आणि कोसळणारा मनोरा. हे दोन नंतर गहाळ झाले की मुळात काढलेच नव्हते यावर अभ्यासकांचं एकमत नाही. आता गंमत बघा, जी दोन चित्रं माणसाला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतात तीच जागा रिकामी आहे. तो कॅट पुन्हा छापताना आजच्या चित्रकारांना ती नव्याने काढावी लागली.

तुम्ही तिथून सुरू करा. तुमचा सैतान काय आहे? शिंगं, शेपटी नको, ते सगळ्यांनी काढलंय. सुटता येत असून जे सुटत नाही ते काढा, माझ्या एका विद्यार्थिनीने उशीखाली उजेड फेकणारा मोबाइल काढला होता आणि ते बघून वर्गात कुणी बोललंच नाही. आणि मनोरा म्हणजे जे पडलं ते, नोकरी असेल, घर असेल, स्वतःबद्दलचं एखादं मत असेल. पडताना काढा किंवा पडून गेल्यावरची सकाळ काढा.

कागद जाड घ्या, पत्ता ७ सेंटीमीटर रुंद आणि १२ सेंटीमीटर उंच कापा, साधारण तेवढाच असतो टॅरोचा पत्ता. मूळ चित्र दुप्पट मापात काढलंत तरी चालेल पण आधी पेन्सिलीने छोट्या मापात करून बघा, कारण हातात धरल्यावर एका नजरेत काय दिसतं ते महत्त्वाचं, बारकावे नंतर. कडेला थोडी मोकळी पट्टी सोडा. आणि काढून झाला की पेटीत ठेवू नका, टाचणीने भिंतीला लावा. त्या व्हिस्कोंती पत्त्यांना पण वरच्या कडेला भोकं आहेत, कुणीतरी केव्हातरी ते टांगून ठेवले होते. दोन्ही झाले की फोटो पाठवा, पुढच्या अंकात जागा ठेवतेय.